सतराव्या वचनापासून : प्रभुभोजनावरील पाठमालेची प्रस्तावना

खानदेशातल्या बहुतेक मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. उपदेश आटोपतो. दोघे वडील मेजावरचे पांढरे कापड कोपरे धरून उचलतात, आणि पाळक करिंथकरांस पहिले पत्र उघडून अकराव्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनापासून वाचू लागतात. येशूला पकडले त्या रात्रीची हकिकत तिथे सुरू होते : त्याने भाकर घेतली, देवाचे उपकार मानले, ती मोडून शिष्यांना दिली; जेवण झाल्यावर प्याला दिला; माझी आठवण म्हणून हे करत जा, असे सांगितले. अयोग्य रीतीने खाण्या-पिण्याविषयीचा इशारा आला, की वाचन बहुधा तिथेच, एकोणतिसाव्या वचनाशी थांबते. मग प्रार्थना, भाकर, प्याला, आशीर्वाद.

या वाचनात मागचे आणि पुढचे जे सुटून जाते, त्यासाठी ही पाठमाला लिहिली आहे. पौलाने प्रभुभोजनाचा विषय तेविसाव्या वचनात काढलेला नाही. त्याने तो सतराव्यात काढला, आणि काढला तो रागावून. तुमच्या एकत्र येण्याने भले होण्याऐवजी नुकसानच होते, असे तो करिंथकरांना तोंडावर सांगतो. कारणही सांगतो : तुमच्यातला एक जण भरपेट जेवून, पिऊन तर्र होतो आणि दुसरा उपाशी राहतो, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता. एवढे झाल्यावर मग, पुरावा म्हणून, तो त्या रात्रीची हकिकत समोर ठेवतो. आणि शेवटी, तेहतिसाव्या वचनात, उपायही सांगतो. तो साधा आहे : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

इ.स. ५४-५५ च्या सुमारास हे पत्र लिहिले गेले, तेव्हा प्रभुभोजन हे खरोखरच जेवण होते. वेगळे चर्च बांधलेले नव्हते. त्यातल्या त्यात ज्याचे घर मोठे, त्याच्याकडे संध्याकाळी मंडळी जमायची. करिंथ हे दोन बंदरांच्या मधले शहर. मालक, व्यापारी, कारागीर, हमाल, गुलाम अशी सगळ्या थरांतली माणसे तिथे विश्वासात आली होती. ज्याला वेळेची मोकळीक तो लवकर यायचा, आपल्या बरोबरीच्यांबरोबर बसायचा आणि सुरुवात करायचा. गुलामाला मालकाने सोडल्याशिवाय येता येत नसे. तो पोहोचेपर्यंत ताटे रिकामी. त्यानंतर भाकर मोडण्याचा विधी व्हायचा, शब्द बरोबर उच्चारले जायचे, आणि पौल म्हणतो की हे प्रभूचे भोजनच नव्हे. विधीत चूक नव्हती. चूक पंगतीत होती.

नरडाण्यात बसून हे लिहिताना करिंथ मला फार लांबचे वाटत नाही. शिंदखेडा तालुक्यातले हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे, सुरत-भुसावळ लोहमार्गाचे स्टेशन इथे आहे, आणि औद्योगिक वसाहत झाल्यापासून बाहेरगावची माणसे कामाला येऊन राहू लागली आहेत. अशा गावांत ख्रिस्ती कुटुंबे मोजकी असतात. कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या भाड्याच्या खोलीत सतरंजी अंथरून संगती होते. कोणी कारखान्याच्या पाळीवरून येतो, कोणी मळ्यातून, कोणी एसटीने दोन गावे ओलांडून. घरची मालकीण पहाटेपासून राबलेली असते आणि गाणे सुरू झाले तरी चुलीपाशीच असते. अशा ठिकाणी भाकर कधी मोडायची हे घड्याळावर ठरवायचे की शेवटचा माणूस आल्यावर, हा प्रश्न दर महिन्याला उभा राहतो. पौलाने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे.

ते उत्तर वाचनातून गळाले, म्हणून आपल्या मंडळ्यांत एक वेगळीच भीती वाढली. प्रभुभोजनाच्या रविवारी मागे सरकून बसणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. जावेशी बोलाचाली बंद असलेली बाई, पुन्हा दारूकडे वळलेला तरुण, मुलीच्या लग्नात घेतलेले कर्ज फेडता न आल्याने खोटे बोलावे लागलेला बाप. ताट पुढे आले की ही माणसे मान हलवतात. कित्येक जण त्या रविवारी येतच नाहीत. अयोग्य रीतीने घेतले तर आपल्यावर दंड येईल, घरात आजारपण येईल, असे त्यांच्या मनात बसलेले असते, आणि एकोणतिसावे वचन ऐकून ते पक्के होते.

मला हे पाहवत नाही. आत्मपरीक्षा करू नये असे मी म्हणत नाही. पौलानेच ती करायला सांगितली आहे. भावाशी वैर असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करून ये, असे खुद्द येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे. जावेशी बोलायला हवेच. पण सतरापासून चौतीसपर्यंत सलग वाचले, की तो इशारा कोणाला आहे हे लपत नाही. तो भुकेल्याच्या आधी जेवून बसलेल्याला आहे. शरीर न ओळखता खाणे म्हणजे काय, हे पौल पुढच्याच, बाराव्या अध्यायात उलगडून सांगतो : तुम्ही मिळून ख्रिस्ताचे शरीर आहात, आणि जे अवयव दुबळे दिसतात तेच जास्त गरजेचे आहेत. म्हणजे ज्या दुबळ्याला धीर द्यायला ते वचन लिहिले, त्यालाच आपण त्याच वचनाने मेजापासून उठवत आलो. आणि ज्यांनी हादरायला हवे, ते पहिल्या रांगेत निर्धास्त बसून आहेत.

येशूच्या त्या शेवटच्या जेवणात कोण होते हेही पाहावे. वल्हांडणाचे ते दिवस, यरुशलेमातली माडीवरची खोली. धरून देणारा यहूदा पंगतीत होता. रात्र सरण्याआधी तीनदा नाकारणार तो पेत्र होता. बाकीचे सगळे पळून जाणार होते. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे तर जेवतानाच, आपल्यात मोठा कोण, यावर त्यांचे भांडण जुंपले. लायक असा त्या मेजावर एकच जण होता आणि तो यजमान होता.

आपल्याकडे या पंगतीला जो अर्थ आला तो युरोपातल्या पुस्तकांतून कळणार नाही. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या ताटाशेजारी बसता येत नाही, यावर इथला समाज शतकानुशतके उभा होता. खानदेशात कानबाईचा उत्सव होतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंदकी एकत्र जमते, घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मुठी मोजून गहू काढले जातात, त्यांचे रोट होतात, आणि ते रोट कुळातल्यांनीच खायचे असतात. गावोगाव पांगलेले भाऊ त्या दिवशी घरी येतात, वर्षाचे रुसवे मिटतात. मी या सणाकडे आदराने पाहतो. माणसे एका पिठाने बांधली जातात हे खानदेशी माणसाला कोणी शिकवायला नको. पण या भागात जो कोणी ख्रिस्ताकडे आला, त्याच्या बाबतीत पहिली गोष्ट घडली ती ही, की रोटाच्या पंगतीतून त्याचा पाट उठला. मूठ मोजताना त्याचे नाव गळाले. बाप्तिस्म्याची ही किंमत उपदेशात फारशी सांगितली जात नाही. ती मोजणाऱ्याला ठाऊक असते. अशा माणसाच्या हातात आपण महिन्यातून एकदा पावाचा बोटभर तुकडा ठेवतो आणि हे तुझे नवे घर असे सांगतो. ते खरे ठरायचे असेल, तर त्या तुकड्याभोवती खरी माणसे, खरे जेवण आणि अडीअडचणीला धावणारे हात असायला हवेत. प्रभुभोजनात रोटाच्या पंगतीची ऊब हवी आणि कुळाची अट नको. खानदेशापुरते बोलायचे तर त्याचा अर्थ मला याहून नेमका सांगता येत नाही.

महाराष्ट्रातल्या पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी ही किंमत कशी मोजली याची उत्तम साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर मोडले. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, ख्रिस्ती वस्तीत राहू लागल्या, तरी स्वयंपाक-पाणी काही काळ वेगळेच ठेवले. मग हा भेद देवाचा नव्हे, माणसांचा, असा त्यांच्या मनाने एकदा कौल दिला आणि त्यांनी तो टाकला. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० मध्ये घेतला. त्यांच्या बाबतीत पंगत आधी मोकळी झाली आणि पाण्यात उतरणे मागून आले. धर्मशास्त्राच्या पुस्तकात हा क्रम उलटा असतो; मला लक्ष्मीबाईंचा क्रम फार बोलका वाटतो. स्वतः टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यांना एकत्र हवे होते. मेजाचे दार किती उघडे ठेवायचे, हा प्रश्न मराठी मंडळीला तेव्हापासून आहे.

सगळीकडे असेच झाले असे मात्र नाही. तंजावर आणि मद्रास भागातल्या जुन्या मंडळ्यांत ख्रिस्ती झाल्यावरही जाती वेगळ्या बसत, आणि प्रभुभोजनाला उच्च मानल्या जाणाऱ्या जातीचे लोक आधी येत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्र काढून हे पूर्ण थांबवायला सांगितले, तेव्हा शेकडो लोक मंडळी सोडून गेले. एका प्याल्याला ओठ लावण्यापेक्षा चर्च सोडणे त्यांना सोपे वाटले. महाराष्ट्रात हे घडले नाही म्हणून आपण निश्चिंत राहू नये. आपल्या मंडळ्यांत आज प्याला सर्वांचा आहे, पण सोयरीक जुळवताना जुनी जात विचारली जाते. नवापूरकडचे मावची बांधव, सातपुड्यातले पावरा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेले आणि शहरात नोकरीला लागलेले, असे सारे एका मेजाशी बसतात आणि आशीर्वाद झाल्यावर आपापल्या रस्त्याला लागतात. पौलाने यावर काय लिहिले असते याची कल्पना करणे मला अवघड जात नाही.

भाकरीत आणि प्याल्यात नेमके काय घडते, यावर ख्रिस्ती जगात मोठे वाद झाले आहेत. ते दुसऱ्या पाठात आहेत, इथे थोडक्यात सांगतो. रोमन कॅथोलिक मंडळी मानते की भाकर व द्राक्षारस यांचे तत्त्वच पालटते आणि ख्रिस्ताचे शरीर व रक्त तिथे खरोखर असते. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ही भाषा स्वीकारली आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती पक्की केली. धर्मसुधारक ल्यूथरने तत्त्व पालटण्याचे स्पष्टीकरण नाकारले, पण ख्रिस्ताची प्रत्यक्ष उपस्थिती सोडली नाही. त्याच काळातला दुसरा सुधारक झ्विंग्ली याने आठवणीवर भर दिला. हे दोघे १५२९ मध्ये मारबुर्गला भेटले, बाकी जवळजवळ सगळ्या मुद्द्यांवर जुळले आणि याच एका मुद्द्यावर वेगळे झाले. खानदेशात शुभवर्तमान आणणारे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, जे १९४९ पासून 'टीम' या नावाने ओळखले जाते, आणि ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यांनी आपल्याला आठवणीची परंपरा दिली. मी त्याच परंपरेत वाढलो आणि तिच्याविषयी कृतज्ञ आहे. तरी आपण 'ही फक्त आठवण आहे' असे म्हणत म्हणत विधी इतका हलका केला, की उपदेश लांबला तर प्रभुभोजन दहा मिनिटांत उरकले जाते. वसईच्या चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घेऊन परतणाऱ्या म्हातारीच्या चेहऱ्यावरचा आदर पाहिला, की आपण काहीतरी गमावले आहे हे मनाला लागते. तिचे धर्मशास्त्र मला सगळे मान्य नाही. तिची भूक मला हवी आहे.

दुसरीकडे, तिच्या आणि माझ्या मंडळीत आजही एकत्र भोजन होत नाही, आणि हे दुःख आहे. काही भिंती पडल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एका मेजाशी आल्या. बाकीच्या भिंती उभ्या आहेत.

भाकर कोणती आणि प्याल्यात काय, याविषयी मंडळ्यांकडून नेहमी विचारणा होते. कॅथोलिक मंडळीच्या १९८३ च्या नियमसंहितेप्रमाणे भाकर गव्हाचीच आणि रस द्राक्षाचाच लागतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही अशा धार्मिक उपयोगासाठी वाट ठेवली होती. आपल्याकडे आंबवलेला द्राक्षारस वापरत नाहीत. ज्यांनी दारूत घर बुडताना पाहिले त्यांच्यापुढे तो ठेवू नये हे मलाही पटते. न आंबलेला रस टिकवण्याची युक्ती अमेरिकेतल्या थॉमस वेल्च या मेथॉडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये खास प्रभुभोजनासाठी काढली. आपल्या बायका काळे मनुके भिजवून, उकळून, गाळून रस करतात, आणि तो उत्तम होतो. गव्हाची चपाती, पाव, काही वस्त्यांत भाकरीचा तुकडा, यांतले काहीही चालावे असे माझे मत आहे. आग्रह एकाच गोष्टीचा आहे : घरून आणलेले, आधीच कापून ठेवलेले चौकोनी तुकडे ताटात मांडण्यापेक्षा एक आख्खी भाकर सर्वांसमोर मोडावी. दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या 'डिडाखे' या छोट्या ग्रंथात एक प्रार्थना आहे. टेकड्यांवर विखुरलेले धान्य गोळा होऊन एक भाकर झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून गोळा होवो, असा तिचा आशय आहे. खळ्यावर उभ्या राहिलेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही. मात्र त्यासाठी भाकर एक असावी लागते.

२०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, हेही सुटले. चर्चची दारे बंद होती. महाराष्ट्रात ती त्या वर्षी दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. त्या काळात कुटुंबांनी मोबाइल समोर ठेवून घरातल्या चपातीने प्रभुभोजन केले. ते खरे होते की नाही यावर पाळकांत अजून मतभेद आहेत. ज्यांनी असे केले त्यांना मी दोष देणार नाही. एका खोलीत विलगीकरणात असलेल्या बापाला मुलाने दाराच्या फटीतून तुकडा दिला असेल, तर तिथे मंडळी नव्हती असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण दारे उघडल्यावरही जे मोबाइलपाशीच राहिले, त्यांच्याशी पाळकांनी बोलायला हवे.

पहिल्या शतकांतले दोन पुरावे या पाठमालेत मी मुद्दाम सविस्तर घेतले आहेत. पहिला विरोधकाचा आहे. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला कळवले की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, आणि नंतर पुन्हा जमून साधे, निरुपद्रवी अन्न खातात. ही माहिती त्याने काढली ती दोन दासींचा छळ करून. मंडळीत त्यांना सेविका म्हणत, असे तो लिहितो. रोमच्या कायद्यात ज्यांच्या शब्दाला छळाशिवाय किंमत नव्हती, त्या बायका मंडळीत सेवेच्या पदावर होत्या. अशा बायका ज्या मेजाशी उभ्या राहिल्या, त्या मेजाशी आपल्या किती मंडळ्यांत आज बाईला ताट फिरवू देतात, हा प्रश्न चौथ्या पाठात विचारला आहे, आणि त्यावर वाद झाला तर व्हावा.

दुसरा पुरावा यूस्तिन या हुतात्म्याचा. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये त्याने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले : वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि प्याला, मग जमलेले दान. दान कोणासाठी, तेही तो सांगतो : अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावचे पाहुणे. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकरीचा वाटा पोहोचवतात. एकमेकांसाठी थांबा, हा पौलाचा उपाय शंभर वर्षांत इथवर आला होता. थांबूनही जो येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत मेज चालत जाते.

हे आपल्याला फार जवळचे आहे. दिवाळी सरली की धुळे-नंदुरबारकडची कितीतरी विश्वासू कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ट्रकमध्ये भांडीकुंडी, लेकरे, कोंबड्या घालून ती गुजरातेतल्या किंवा दक्षिणेकडच्या कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. चार-पाच महिने त्यांचे प्रभुभोजन होत नाही. गावच्या चर्चमध्ये त्या काळात बाके निम्मी रिकामी असतात, आणि पाळक उरलेल्यांना घेऊन विधी पार पाडतात. फडावर रात्री पालात गाणी होतात, प्रार्थना होते, बायबल वाचणारा एखादा शाळकरी मुलगाही असतो. भाकर मोडायला मात्र कोणी नसते, कारण दीक्षित पाळकाशिवाय मोडायची नाही, असा बहुतेक मंडळ्यांचा नियम आहे. तो नियम मोडा असे मी सांगत नाही. पण पाळक वर्षातून दोनदा फडावर गेले, किंवा टोळीतल्या एखाद्या वडिलाला मंडळीने त्या हंगामापुरता अधिकार देऊन पाठवले, तर कोणता नियम आड येतो ते मला कळलेले नाही.

पाठ सहा आहेत. ते दोन महिन्यांत, आठवड्याच्या संगतीत वाचावेत. एकट्याने वाचून संपवू नयेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक पाठाचे प्रश्न तोंडी चर्चेसाठी लिहिले आहेत, आणि ते मराठीतच बोलले पाहिजेत असे नाही. अहिराणी, मावची, पावरी, ज्या भाषेत भांडता येते त्या भाषेत बोलावे. शेवटच्या पाठासोबत एक कोरा तक्ता जोडला आहे : कुटुंबाचे नाव, कोणत्या कारखान्यावर, कोणत्या मुकादमाच्या टोळीत, सोबत लेकरे किती, परत केव्हा येणार. तो दिवाळीआधीच्या प्रभुभोजनाला भरून घ्यावा. टोळ्या निघून गेल्यावर सांगायला कोणी उरत नाही.